कपाळाला टेकवलेली बेस गिटार

धर्मामामा रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं होतं. धक्क्यापासून आमच्या कोळीवाड्यापर्यंत तो चालत आला आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला ते वल्हंच वाटलं. गोदाआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, अंगणात बोंबील निवडत बसली होती. तिनं लांबूनच ओरडून विचारलं, "वल्हा कशाला आनलास रं धर्मा? आमच्या घरात काय वल्ही कमी हायेत?" ओट्यावर बसून मामानं पाणी मागितलं, ते प्यायला आणि मग गोणपाटाची सुतळी सोडली. आतून निघालं ते वल्हं नव्हतं. लाल रंगाचं, जागोजाग पोपडे उडालेलं एक भरीव लाकूड, त्याला लांबच लांब मान, मानेवर आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यावरून गेलेल्या तीन तारा. चौथ्या तारेची जागा रिकामी होती, तिची खुंटीही गायब होती. तारा एवढ्या जाड की आमच्या जाळ्याची दोरी आठवावी. मी बोटानं एक छेडली आणि आवाज आला तो डासाएवढा.

"विजेवर चालतं," मामा म्हणाला.

आत्या एवढी हसली की तिच्या मांडीवरचे बोंबील खाली सांडले. आमच्या गावात तेव्हा वीज आलेलीच नव्हती. मामा मुंबईच्या गोदीत बोटींना रंग मारायच्या कामाला होता. परदेशी बोटीवरच्या कुणा खलाशानं हे मोडकं वाद्य कचऱ्यात टाकलं होतं, ते मामानं उचललं आणि ओळखीच्या एका गोव्याच्या वाजंत्र्याला दाखवलं. त्यानं सांगितलं म्हणे, ही साधी गिटार नाही, हिला बेस म्हणतात. गाणं चाललेलं असतं तेव्हा सगळ्यांच्या खालून, पायाखालून यावा तसा जो आवाज येतो, तो हिचा. मामानं ती माझ्या मांडीवर ठेवली. "तुलाच आनलीय गो चंद्रे. तुला मोडकं जोडायची खोड हाय ना." ते खरंच होतं. स्टोव्ह, कंदील, छत्री, आत्याची चप्पल, घरातलं मोडलेलं काहीही माझ्याकडे येई. पण मांडीवर आलेलं हे ओझं बघून मी गोंधळले होते. सतरा-अठराची मुलगी मी, आणि माझ्याच हातात एक मुकं वाद्य.

मुकं म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण आमच्या घरात माझी आई बहिरी होती. घर तसं गलबल्याचं. कोळीवाड्यात कुणीच हळू बोलत नाही; वारा आणि समुद्र यांच्यावरून आवाज न्यायचा तर घसा ताणावाच लागतो आणि मग तीच सवय चुलीपाशीही राहते. बाबा होडीवरून आले की दोन घरं आधीच त्यांचा आवाज येई. आत्या बाजारात मासळी विकायची, तिचा आवाज तर विकलेल्या मासळीच्या मागोमाग गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जात असेल. या सगळ्यात आई मात्र हळू बोले. बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात असं म्हणतात, पण आई बोललीच तर इतकं हळू की जवळ जाऊन ऐकावं लागे. तिच्याशी बोलायच्या आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. तळहातावर तळहात थापटला की भाकरी, बोटं नाकाशी नेली की सुकट, दोन्ही हात उलटे हलवले की भरती. आईच्या हातचं बोंबलाचं आंबट कालवण आणि तांदळाची वाफाळलेली भाकरी यांची चव मला आजही जशीच्या तशी आठवते. ती वाढताना आमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची. मला वाटायचं, जेवण आवडलं की नाही ते बघतेय.

माझा जन्म झाला आणि आईचे कान गेले, हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक होतं. कारण वाडीत माझं दुसरं नावच होतं, कानखाई. आईचे कान खाऊन जन्माला आलेली. हे नाव आत्यानं ठेवलेलं, आणि गंमत अशी की त्याच आत्याचा माझ्यावर जीव होता. तिनंच मला न्हाऊमाखू घातलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं. तिच्या तोंडी ते नाव शिवीसारखं यायचंही नाही. एखादीला काळी म्हणावं, बुटकी म्हणावं, तसं यायचं. "कानखाये, पानी आन." "आमची कानखाई आज रुसलीय." मी आणून द्यायचे पाणी. पण लहानपणी मी कितीदा तरी आई झोपलेली असताना तिच्या कानाशी तोंड नेऊन "दे दे, परत दे" असं काहीतरी पुटपुटत असे. कुणाला म्हणत होते, कोण जाणे.

तर ती बेस. मामा परत गेला आणि मी तिच्या मागे लागले. आधी खुंटी. होड्या बांधायच्या जागेवरून खैराचा एक तुकडा आणला आणि कोयत्यानं, मग काचेनं तासून तासून बसवला. तार ताणली की ती खुंटी फिरून सुटायची. भोकात राळ भरली तेव्हा जरा धरायला लागली. तारांच्या खाली असते ती घोडी चिरलेली होती. ती सागाच्या तुकड्याची केली आणि तारा लाकडात रुतू नयेत म्हणून वरच्या कडेला पितळेची पट्टी ठोकली. सगळ्यात छळलं ते चौथ्या तारेनं. जाड तार आणायची कुठून? सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर मी सोडवून घेतला आणि धक्क्यावरच्या भंगारातल्या जळक्या मोटारीतली तांब्याची तार त्याच्यावर गुंडाळायला बसले. हातानं गुंडाळलं की वेटोळी सैल पडत. शेवटी आमचा दोरी वळायचा रहाट होता, त्याला ती तार लावली. बाबा रहाट फिरवत आणि मी चिमटीत तांबं धरून सरकत जाई. बोटं सोलून निघाली. बाबा मधूनच विचारत, "ह्यानं मासा गावंल काय?" पण रहाट फिरवायचे. तार चढवली, पिळली, छेडली. आवाज बारीकच, पण खोल. विहिरीत कुणी घसा साफ करावा तसा.

मग होडीचा उरलेला निळा रंग मी तिला दिला, कडेला पिवळी रेघ ओढली. आत्या म्हणाली, "रंगवलीस बेस. आता पान्यात सोड." खाऱ्या हवेनं तारा गंजत, म्हणून रोज वाजवून झाल्यावर खोबरेल लावलेल्या चिंधीनं पुसायच्या. ही सवय मला अजून आहे. मधल्या वर्षांत त्या बेसचं काय काय बदललं. गावात वीज आली तेव्हा तिच्यातली लोहचुंबकाची गुंडाळी मेलेली निघाली, ती मी जुन्या हेडफोनमधल्या तारेनं परत गुंडाळली. मुंबईहून खऱ्या खुंट्या आणल्या, रेडिओला जोडून ती ऐकली, पुढे चांगला अॅम्प्लिफायर घेतला. हळदीच्या गाण्यांना बुलबुलतरंग आणि ढोलकीच्या मागे बसून मी ती वाजवायला लागले, तेव्हा नवरीपेक्षा लोक मलाच बघत. त्यानंतर आणखी दोन बेस घेतल्या, एक तर अगदी नवी, दुकानातून. त्यांचीही घोडी बदल, तारा बदल असं चालूच असतं. पण हे सगळं नंतरचं. त्या वर्षी ती बेस नुसतं एक लाकूड होतं, आणि जे घडलं ते लाकडामुळेच घडलं.

आमच्या माजघरात एक सागवानी कपाट होतं. मोडीत निघालेल्या कुठल्याशा बोटीवरचं, बाबांनी मुंबईहून होडीत घालून आणलेलं. एकदा वाजवता वाजवता बेसचं डोकं सहज त्या कपाटाला टेकलं आणि मी दचकलेच. अख्खं कपाट बोललं. डासाचा आवाज एकदम ढोलाएवढा झाला. त्या दिवसापासून ते कपाट माझा अॅम्प्लिफायर. दुपारी बाबा झोपलेले नसले आणि आत्या बाजारात असली की मी कपाटाला बेस टेकवायचे आणि वाजवत बसायचे. आतल्या वाट्या थरथरत.

अशाच एका दुपारी आईची चावी कपाटामागे पडली. ती जमिनीवर बसली, हात कपाटाच्या मागे घातला आणि तो आणखी आत पोचावा म्हणून डोकं कपाटाच्या कडेला घट्ट दाबलं. मी पलीकडच्या बाजूला वाजवत होते. ती तिथं आलेली मला दिसलीही नव्हती. मी सगळ्यात जाड तार छेडली, आणि आई किंचाळली.

आईला मी कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. मी उठून धावले. वाटलं, विंचू चावला. ती भिंतीला पाठ लावून कपाटाकडे बघत होती. चेहरा पांढरा पडला होता. हळूच म्हणाली, "आत कोन हाय?"

मला कळेना. मी खुणेनं विचारलं, काय झालं. तिनं कपाटाचं दार उघडलं, लुगडी वरखाली केली, दार लावलं. मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या बेसकडे बघितलं. पुढे आली आणि कपाळ कपाटाला टेकवलं. डोळे मिटले. मला हातानं खूण केली, कर. मी परत तार छेडली. आणखी एक, बारीक तार. मग आणखी. तिनं डोळे न उघडता एकेक बोट वर केलं, प्रत्येक तारेला एक. चारही बरोबर. मी खाली बसले. अठरा वर्षं बहिरी असलेली माझी आई माझ्या तारा मोजत होती.

पुढचं मी कसं केलं हे मला सांगता येत नाही. विचार करून केलं नाही एवढं खरं. बेसची मान मी तिच्या कपाळाला टेकवली, दुसरं टोक छातीशी धरलं, हनुवटी त्या निळ्या लाकडावर घट्ट दाबली आणि म्हणाले, "आये. आये, मी. चंद्री."

चटका बसावा तशी ती मागे सरली. मागे वळून दाराकडे बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. परत कपाळ टेकवलं. "परत बोल," म्हणाली. मी परत बोलले. ती रडायला लागली, आवाज न करता, आणि म्हणाली, "ह्यो तर माझ्या आयेचा आवाज हाय. तुझा आवाज आयेसारखा हाय, मला कुनी सांगितलंच न्हाय." माझी आजी आईच्या लग्नाआधीच गेली होती. तिला मी पाहिलेलं नाही. तिचा आवाज माझ्या गळ्यात आहे हे मला असं कळलं.

त्यानंतरच्या दुपारी आमच्या दोघींच्या होत्या. घरात कुणाला सांगितलं नाही. आईनंच नको म्हणून खूण केली. मी हनुवटी टेकवून बोलायचे, ती कपाळ टेकवून ऐकायची. मान वाकडी करून बसावं लागे, कपाळावर लाकडाचा वळ उठे, पण सुटवत नसे. तिला काय काय विचारायचं होतं! पावसाआधी पावशा अजून तसाच ओरडतो का? बाबांचा आवाज म्हातारा झाला का? मी नक्कल करून दाखवायचे. आत्याच्या ओरडण्याची नक्कल केली तेव्हा ती पोट धरून हसली. आणि मग एका दुपारी, इतकी माया साचलेली असताना, मी ते विचारलं. समोरासमोर खुणांनी कधी विचारता आलं नसतं. "आये, माझ्यापायी तुझे कान गेले. तुला माझा राग येतो काय?"

तिनं कपाळ काढलं नाही. बाहेर कोंबड्या उकरत होत्या. मग तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "माझे कान तुझ्या आधीच जात व्हते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ती बोलत राहिली. तिच्या आईचेही कान असेच गेले होते. हिला न्हाण आलं त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत हिलाही आवाज पुसट यायला लागले. घरच्यांनी लपवलं. लग्न ठरवताना, लग्नात, सासरी आल्यावर, ती लोकांच्या ओठांकडे बघून उत्तरं द्यायची. सासरचे म्हणत, सून कमी बोलते, गुणाची आहे. मी पोटात आले, जन्मले, आणि उरलासुरला आवाजही गेला. तेव्हा बायकाच म्हणायला लागल्या, पोरीनं कान खाल्ले. "मी काय सांगितलंच न्हाय," आई म्हणाली. "त्यांनी आपनहून धरलं. धर्मा बोलला, गप र्‍हा. मी गप र्‍हायले."

मी विचारलं, "मला कानखाई म्हन्तात, ते तुला ठावं व्हतं?"

"व्हटांवरनं सगळं कळतं."

मी बेस खाली ठेवली. ठेवली म्हणजे, हातातून सुटली. तिच्या मानेला त्या दिवशी पडलेली चीर अजून आहे. आईला माहीत होतं. आत्या मला न्हाऊ घालायची तेव्हा, माझ्या तापात, मी पाणी आणायला धावायचे तेव्हा, ती आमच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायची आणि तिला प्रत्येक वेळी कळत होतं. मी उठले आणि किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती, चिखल दूरवर उघडा पडला होता. मी तिथं उभी होते आणि मला रडूही येत नव्हतं, राग तर नंतर आला. डोक्यात नुसतं भणाणत होतं. मी ज्या गोष्टीची माफी देवाकडे, आईकडे, झोपलेल्या माणसाच्या कानाशी मागत आले होते, ती गोष्टच नव्हती.

खूप पुढे मुंबईच्या एका डॉक्टरनं दोन पात्यांचा लोखंडी काटा वाजवून आईच्या कानामागच्या हाडावर टेकवला आणि सगळं समजावलं. आतला कान शाबूत आहे, मधली हाडं अडकलीत, म्हणून हाडातून ऐकू येतं. अशा माणसाला स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, म्हणून ती हळू बोलतात. हे आईकडून मुलीकडे येऊ शकतं. आणि बाळंतपणात वाढू शकतं, असंही तो म्हणाला. म्हणजे वाडी अगदीच खोटं बोलत नव्हती. हे ऐकून मला पुन्हा एकदा धक्का बसायला हवा होता, पण तोवर मी दोन लेकरांची आई झाले होते आणि माझाही डावा कान कुरकुरायला लागला होता. आईच्या एका कानाचं ऑपरेशन झालं, बऱ्यापैकी ऐकू येऊ लागलं. माझ्या दोन्ही कानांमागे आता यंत्रं आहेत.

पण तेव्हा मी अठराची होते. मी बेसला हात लावायचं सोडलं. दुपारी आई कपाटाशी जाऊन बसे, कपाळ टेकवे आणि थांबे. मी मुद्दाम अंगणात बसून जाळं विणायचे. दारातून मला ती दिसायची. गप्प लाकडाला डोकं लावून बसलेली बाई. तरी मी उठले नाही. मामा आला तेव्हा त्याला मी विहिरीपाशी गाठलं आणि विचारलं, खरं का हे? तो भडकलाच नाही. बादली खाली ठेवून म्हणाला, "तिला परत धाडली असती गो त्यांनी. लग्नात फसवलं म्हनून. तान्ही तू, तुला हितं ठेवून तिला धाडली असती. मग काय केलं असतंस?" त्यानं बादली परत उचलली. तो म्हणाला, "एक नाव चिकटलं तुला. आय तर र्‍हायली."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं की चूक, याचा निकाल मला आजतागायत लावता आलेला नाही.

मग तो बोंबलांचा दिवस. मासळी भरपूर लागली होती आणि वाडीतल्या सगळ्या बायका किनाऱ्यावरच्या बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घालत होत्या. दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकायचे, हात नुसते चालत असतात आणि तोंडंही. बाबा जवळच होडीच्या सावलीत जाळं सांधत होते. मी डोक्यावर टोपली घेऊन आले. आत्या नेहमीसारखीच, हसत, शेजारणीला म्हणाली, "आली बघ आमची कानखाई. घे गो तिच्याकडनं."

आईचे हात थांबले. ती आत्याच्या बरोबर समोर होती. म्हणाली, "तिला ते बोलू नका."

आवाज नेहमीसारखाच हळू. पण आई चारचौघींत कधी बोलत नसे, त्यामुळे सगळ्या गप्प झाल्या. "तिनं न्हाय खाल्ले. माझे कान लग्नाच्या आधीपास्नं गेलेले. माझ्या आयेचे बी तसेच. मी लपवलं. पोरीचं नाव झालं, मी ते बी ऐकून घेतलं."

आत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. ती आधी माझ्याकडे बघायला लागली, मग आईकडे. "म्हंजी?" ती म्हणाली. "म्हंजी आमाला फसवलं?" आई तिच्या ओठांकडे बघत होती. तिनं मान हलवली. हो.

मी टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी. पाणी गळून मानेवरून पाठीत जात होतं. इतके दिवस मला वाटत होतं की हे कुणीतरी मोठ्यानं बोलावं, सगळ्यांनी ऐकावं. आणि ते बोललं गेलं तेव्हा मला फक्त भीती वाटली. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं, उठले, आईकडे न बघता होडीकडे चालत गेले. भरती लागताच होडी घेऊन गेले.

ते त्या दिवशी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. मासळी त्यांनी मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरवली एवढं दुसऱ्या होडीवाल्यांकडून कळलं. घरात आत्या कुणाशीच बोलेना. चूल पेटे, भात शिजे, तो तसाच थंड होई. आईनं आपली दोन लुगडी, फणी, आजीचा एक पितळी डबा असं एका गाठोड्यात बांधलं आणि दाराशी ठेवलं. मी ते उचलून आत टाकलं, तिनं परत आणून ठेवलं. खुणेनं म्हणाली, धर्मा आला की जाईन. तेव्हा मात्र मी तिला घट्ट धरलं. राग गेला होता असं नाही. राग होताच. पण ती जाणार, हे मला चालणार नव्हतं.

बाबा आले ते टळटळीत दुपारी. दाढी वाढलेली, डोळे लाल. दाराशी गाठोडं बघून उंबऱ्यातच थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग बाबा मला म्हणाले, "ती लाकडाची काय भानगड हाय तुमची? दुपारची चालते ती. मी बघितलंय दारातनं."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं, निदान एवढं. मी सांगितलं. कसं धरायचं, हनुवटी कुठं दाबायची, तिनं कपाळ कुठं टेकवायचं. ते लक्ष देऊन ऐकत होते, नवं इंजिन कसं चालू करायचं ते ऐकावं तसे. मग म्हणाले, "आन."

मी बेस आणली. इतक्या दिवसांनी हात लावला होता, तारांवर गंज चढला होता. बाबा जमिनीवर मांडी घालून बसले, बेस छातीशी धरली, चुकीच्या बाजूनं; मी ती सरळ करून दिली. आई समोर येऊन बसली. तिनं कपाळ टेकवलं, बाबांनी हनुवटी. मला म्हणाले, "तू जा बाहेर. अक्काला बी ने."

आम्ही दोघी ओट्यावर जाऊन बसलो. आत्या भिंतीकडे तोंड करून. बाबांना आयुष्यात कुणाशी हळू बोलायची सवय नव्हती, आणि समोरचं माणूस बहिरं आहे म्हटल्यावर त्यांनी काय करावं? ते ओरडले. बेंबीच्या देठापासून, वाऱ्यावरून दुसऱ्या होडीला हाक मारावी तसे, त्या लाकडात तोंड खुपसून ओरडले, "गाठोडं सोड! कुठं जायाचं न्हाय तुला! ऐकलंस काय? कुठं न्हाय जायाचं!"

शेजारची बाई दारात आली. समोरच्या घरातला म्हातारा झोपेतून उठून बसला. सगळ्या आळीनं ते ऐकलं. आत्याची पाठ माझ्याकडे होती. ती पदरानं नाक पुसत होती. थोड्या वेळानं आई बाहेर आली, कपाळावर आडवा लाल वळ. तिनं दाराशी वाकून गाठोड्याची गाठ सोडली, फणी काढली, लुगडी काखेत घेतली आणि मला म्हणाली, "चंद्रे, पानी तापत ठेव. तुझे बाबा अंघोळ करायचेत."